दुसऱ्या विंचवाची निवड

"ओपा, हिच्या कुशी बघा. फुगल्यात. नीट विचार करून न्या," असं एर्किनने सदोकतला बजावलं होतं. ओपा म्हणजे ताई. हा एर्किन रविवारच्या पाखरांच्या बाजारात अगदी शेवटच्या रांगेत बसतो, कबुतरवाले आणि मासेवाले संपले की तिथे. कासवं, सरडे, विंचू असला माल तो विकतो. विकतो म्हणजे काय, गिऱ्हाइकाला घाबरवून परत पाठवण्यातच त्याला जास्त गोडी. त्यामुळे सदोकतने त्याचं बोलणं फारसं मनावर घेतलं नाही.

"नव्या जागी कुणाचंही पोट फुगतं," ती म्हणाली.

हे तिचे अनुभवाचे बोल होते. लग्न होऊन ती कोकंदहून ताश्कंदला आली तेव्हा पहिले दोन महिने तिचंही पोट फुगलं होतं. सासूबाईंनी पाळण्याचं कापडसुद्धा बेतलं, आणि शेवटी निष्पन्न काय झालं तर वात.

"माझं सांगायचं काम होतं," एर्किन म्हणाला आणि डब्याचं झाकण लावू लागला.

सांगायचं काम एव्हाना सगळ्यांनीच करून झालं होतं. या दुसऱ्या विंचवाच्या बाबतीत सल्ला दिला नाही असा माणूस त्यांच्या इमारतीत औषधालासुद्धा उरला नव्हता.

पहिला विंचू म्हणजे बेगिम. काळीभोर, तळहाताएवढी, आफ्रिकेतली, स्वभावाने एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेसारखी: दिसायला धाक, करणं काही नाही. सदोकत रसायनशास्त्र शिकलेली होती खरी, पण चार वर्षांच्या लोबरची आई झाल्यापासून काळजी हाच तिचा पूर्णवेळचा धंदा झाला होता. लोबरच्या अंघोळीचं पाणी ती आधी कोपराने बघायची, मग तापमापकाने, आणि मग तापमापक बिघडलेला नाही ना हे बघायला पुन्हा कोपराने. जर्दाळू खायला देताना बी स्वतःच्या मुठीत धरून बसायची. अशा बाईने घरात विंचू पाळावा याचं लोकांना नवल वाटे. तिला मुळीच वाटत नसे. घरात सगळ्यात कमी घोर लावणारा जीव तोच. तो काचेच्या पेटीत राहतो, पेटीला कुलूप असतं, तो खोकत नाही, मोजे काढून फेकत नाही, आणि आठवड्याला एक झुरळ खाऊन गप्प राहतो. शिवाय जांभळ्या दिव्याखाली धरला की अख्खा निळा-हिरवा उजळतो. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा सदोकत चुलीवर पुलाव ठेवून आली आहे हेच विसरली. त्या दिवशी सगळ्यांनी जळकी गाजरं खाल्ली. एवढा उजेड त्या अंगात येतो कुठून आणि विंचवाला त्याचा उपयोग काय, हे कुठल्याच पुस्तकात धड लिहिलेलं नव्हतं, आणि तेच तर तिला आवडलं होतं.

पण बेगिम तिने निवडलेली नव्हती. तिचा नवरा बोतिर याच्या कचेरीतला एक जण कोरियाला कामाला गेला आणि जाताना ती पेटी यांच्या दारात ठेवून गेला. तसं बघायला गेलं तर त्या घरातलं काहीच सदोकतने निवडलेलं नव्हतं. रजया आईने, चिनी मातीचे पेले आत्याने, पडदे सासूबाईंनी, भिंतीचा तो पिस्त्यासारखा रंग थोरल्या दिरांनी. बोतिर तिला पसंत होता, पण त्यालाही आधी दुसऱ्यांनी निवडलं होतं आणि मग तिला दाखवलं होतं. तेव्हा दुसरा विंचू आणायचा तो आपला आपण निवडायचा, अगदी सगळं वाचून, सगळं तपासून, आणि तो या घरात टिकवून दाखवायचा, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं.

त्यासाठी तिने वही केली. विष, ऊब, ओल, स्वभाव, पळण्याचा वेग, असे रकाने आखले. नवशिक्यांसाठीचा पहिला नियम पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिला: पुढच्या नांग्या जाड आणि शेपूट बारीक, तर विचार करावा, नांग्या बारीक आणि शेपूट जाड, तर लांबूनच सलाम करावा.

बोतिरने वही वाचली आणि म्हणाला, "लोबरच्या आई, एवढं कशाला? बेगिमसारखाच आणखी एक काळा आण. आईला वाटेल तोच आहे."

"दोन पेट्या दिसतील ना, लोबरचे बाबा."

"आई त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जाते. तिला एकही पेटी दिसत नाही."

हे खरं होतं. बोतिरची आई हबीबा, सदोकत तिला 'ओयी' म्हणायची. ही ओयी विंचवाचं नावसुद्धा घेत नसे. जुन्या बायका घेत नाहीत. 'बिननावाचा' म्हणतात, म्हणजे त्याला आपल्याला हाक मारल्यासारखं वाटत नाही. लोबरने मात्र पहिल्याच दिवशी पेटीतल्या विंचवाचं बेगिम असं बारसं केलं होतं, आणि तेव्हापासून ओयीच्या मते त्या घराचं दार सताड उघडं पडलं होतं.

तळमजल्यावरचे हमदम-अका, म्हणजे हमदमदादा, यांनी तर वहीचीच खिल्ली उडवली. ते निवृत्त बसचालक, तीस वर्षं नुराताच्या रस्त्यावर गाडी चालवलेली. "विकत?" ते म्हणाले. "पोरी, विंचू कुणी विकत आणतं? नुराताला कुठलाही दगड उचल. पिवळे, चट्ट्यापट्ट्यांचे, हवे तेवढे. आमचे टायर बदलताना ते जॅकखाली येऊन बसायचे."

सदोकतने मनातल्या मनात रकाने भरले. नांग्या बारीक, शेपूट जाड, वेग भलताच, घरात चार वर्षांची मुलगी. ती म्हणाली, "अका, तुमचे उपकार, पण तेवढी तसदी नका घेऊ."

आता हे वाक्य ताश्कंदमध्ये कुठल्याही वडीलधाऱ्याला म्हटलं तर त्याचा अर्थ 'जरूर आणा, मला मागायला लाज वाटते' असाच होतो. हे सदोकतला माहीत असायला हवं होतं. तिनेच स्वतः आयुष्यभर असं म्हणून दुसऱ्यांदा वाढलेला पुलाव खाल्ला होता. आठ दिवसांनी हमदम-अका दारात उभे. हातात टोमॅटोच्या लोणच्याची बरणी, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं, आणि आत एक पिवळा विंचू काचेवर चढायचा प्रयत्न करतोय.

"भाच्याला खास पाठवला होता," ते म्हणाले.

सदोकतने लोबरला उचलून कडेवर घेतलं, दोन पावलं मागे सरकली आणि तिथून वहीतला नियम म्हणून दाखवला. मग विषाची माहिती दिली. मग लहान मुलांच्या वजनाचं गणित सांगितलं. हमदम-अकांनी सगळं ऐकून घेतलं, बरणी छातीशी धरली आणि जिना उतरले. आणलेली भेट दारातून परत जाणं हे त्यांच्या सत्तर वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. विंचू त्यांनी पुन्हा भाच्याबरोबर नुराताला पाठवून दिला, पण संध्याकाळपर्यंत चहाखान्यात बातमी झाली होती: बोतिरच्या बायकोला आपल्या मातीतला विंचू चालत नाही, तिला परदेशीच हवा.

सदोकतच्या जिवाला हे फार लागलं. तिने त्याच तिरमिरीत वही मिटली आणि निकाल ठरवून टाकला: दक्षिण आफ्रिकेतला चपटा खडक-विंचू. नांग्या खेकड्यासारख्या, शेपूट सुतळीएवढी, विष नावापुरतं. दोन दगडांच्या फटीत शिरून बसतो आणि तिथेच वर्षानुवर्षं राहतो. इतका चपटा, की कुणीतरी त्याच्यावर बसून उठल्यासारखा दिसतो. जगात एवढी जागा पडलेली असताना एखाद्या जिवाने फटीतच राहायचं ठरवावं, याचं तिला मनापासून कुतूहल वाटत होतं. थोडी आपुलकीही वाटत होती. त्यांचं घर दोन खोल्यांचं होतं.

असा विंचू एर्किनकडे होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे: कुशी, वात, सांगायचं काम.

थंडीचे दिवस होते, म्हणून डबा गरम राहावा यासाठी सदोकतने तो कोटाच्या आत पोटाशी धरला आणि ती मेट्रोत चढली. लगेच एका बाईने उठून जागा दिली.

"कितवा?" बाईने कोटाकडे बघत विचारलं.

"दुसरा," सदोकत म्हणाली, कारण दुसराच होता.

"महिना कितवा?"

"ते काही कळलं नाही अजून."

बाईने तिच्याकडे फार विचित्र नजरेने बघितलं आणि पिशवीतून एक सफरचंद काढून तिच्या हातात ठेवलं.

घरी लोबरने डब्यात डोकावून बघितलं आणि चपटेपणावरून तिचं नाव ठेवलं पातीर, म्हणजे घडीची चपटी रोटी. ओयीने दोन खोल्यांच्या मधल्या उंबरठ्यावर उभं राहून, आत न बघता, निर्णय जाहीर केला.

"सूनबाई, एक होता तेव्हा मी म्हटलं, पाहुणा असेल, जाईल. दोन म्हणजे संसार झाला. एक तर ही बिननावाची जाईल, नाहीतर मी थोरल्याकडे जाईन. महल्ला काय म्हणतो ते बघू, तोवर थांबते."

म्हणजे ओयीने आधीच वरपर्यंत कळवून ठेवलं होतं. महल्ल्याच्या कारभारी मावलुदा-ओपा यांचा दुसऱ्या दिवशी निरोप आला: जनावराचा पशुवैद्यकीय दाखला काढून ठेवावा, नंतर प्रत्यक्ष पाहणी होईल, आणि पाहणीत नापसंत ठरल्यास जनावर हलवावं लागेल.

दाखला देणाऱ्या गृहस्थांपुढे एकच छापील अर्ज होता. गुरं, घोडे, मेंढ्या-बकऱ्या, कोंबड्या, कुत्री-मांजरं, मधमाश्या. त्यांनी चष्मा वर केला.

"नांगी आहे?"

"आहे."

"मग मधमाश्या."

"अहो, पण..."

"शिंगं आहेत? खूर आहेत? अंडी घालतं? मग सांगा, कुठे बसवू?" त्यांनी लिहायला घेतलं. "पोळी किती?"

सदोकतने दोन पेट्या डोळ्यांपुढे आणल्या. "दोन."

"राणी माश्या?"

"दोन्हीत एकेक म्हणायची."

"कामकरी?"

"कुणीच काम करत नाही."

"वार्षिक मध निरंक," गृहस्थ स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "दोन पोळी, मध निरंक. बाई, तुम्हाला कुणीतरी फसवलंय." पण शिक्का मारला.

पाहणीच्या दिवशी सदोकतने काच तीनदा पुसली. ओयीने समोसे केले. निकाल आपल्या बाजूने लागावा म्हणून केले होते, हे त्यांत घातलेल्या मांसावरूनच कळत होतं. मावलुदा-ओपा बूट काढता काढता म्हणाल्या, "मी चहाला नाही आले, कामाला आलेय," आणि चहाला बसल्या. चार समोसे झाल्यावर त्यांना काम आठवलं.

त्यांनी दाखला वाचला, पुन्हा वाचला, आणि पिशवीत ठेवला. बेगिमला त्यांनी लांबूनच पास केलं. मग पातीरच्या पेटीपुढे बसल्या.

"कुठाय?"

"दगडाखाली," सदोकत म्हणाली.

"मला नुसते दगड दिसतायत. दगडांना परवानगी लागत नाही."

"ती आतच असते, ओपा. आल्यापासून दोनदाच बाहेर आलीय."

"मला 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहायचंय. उचल दगड."

ओयी दारात उभी होती, भिंतीकडे तोंड करून, पण कान इकडे. नवशिक्याच्या वहीतला दुसरा नियम होता: लपलेल्याला उकरू नये. पण सरकारी कामापुढे वहीला कोण विचारतो? तिने लांब चिमटा घेतला, वरचा सपाट दगड अलगद उचलला, आणि तसाच हातात धरून राहिली.

पातीर तिथेच होती. तिच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखं काहीतरी पांढरं पसरलं होतं, एकावर एक, आणि ते हलत होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण सहज म्हणून जातो. सदोकतने ते बिऱ्हाड त्या क्षणी मोजलं. सव्वीस.

"अर्जात पोळी दोन लिहिलीत," मावलुदा-ओपा पुटपुटल्या.

"काय झालं?" ओयीने विचारलं. मग ती स्वतःच वळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या पेटीत बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल.

"ठेव तो दगड," ती सदोकतला म्हणाली. "हळू. आधी तो कोपरा टेकव." मग खांद्यावरची शाल काढून तिने अख्ख्या पेटीवर टाकली आणि ती मावलुदा-ओपांकडे वळली. "मावलुदा, तू स्वतः तीन बाळंतपणं केलीस. बाळंतिणीच्या डोक्यावरचं छप्पर काढायला लावताना तुला काही वाटलं नाही?"

"मला काय ठाऊक, हबीबा-ओपा... तुम्हीच तर तक्रार..."

"तक्रार बाळंतपणाआधीची होती. आता चिल्ला लागला. चाळीस दिवस या घरात परका माणूस नाही, पाहणी नाही, शिक्का नाही."

सदोकतने दगड टेकवून चिमटा बाजूला ठेवला. "ओयी, हिला असा त्रास झाला ना, तर ही पिल्लं खाऊन टाकते. पुस्तकात आहे."

"चिल्ल्यात बाईला छळलं की तिचं डोकं फिरतंच," ओयी म्हणाली. "यासाठी तुला पुस्तक लागलं?"

मावलुदा-ओपांचा नाइलाज होता. चिल्ला चालू असलेल्या घरात हट्टाने बसून राहिल्या असत्या तर पुढच्या निवडणुकीत त्यांना त्यांच्या घरच्यांनीही मत दिलं नसतं. त्यांनी कागदावर लिहिलं, 'चिल्ल्यामुळे पाहणी तहकूब', उरलेले समोसे बांधून घेतले आणि पाऊल न वाजवता गेल्या.

"किती आहेत म्हणालीस?" त्या गेल्यावर ओयीने विचारलं.

"सव्वीस."

"पुन्हा मोजू नकोस. दृष्ट लागते."

त्या दिवसापासून सदोकतच्या वहीला त्या घरात कुणी विचारेना. ओयीने पेटीपाशी पाव, कांदा आणि मुठीची सुरी ठेवली, बाळाच्या पाळण्यापाशी ठेवतात तशी. धूप घालायला निघाली तेव्हा मात्र सदोकत आडवी आली, कारण धुराने सव्वीसच्या सव्वीस गुदमरतील. दोघींत पाऊण तास वाटाघाटी होऊन धुपाची जुडी न पेटवता दाराला टांगायची असं ठरलं. सदोकतने पेटीला आणखी दोन चिमटे लावले, चिकटपट्टी लावली; ओयीने चिकटपट्टीवर दृष्टीचे मणी लावले. लोबरला एका हाताच्या अंतरावरून बघायची परवानगी मिळाली, तीही दिवसातून एकदा आणि कुजबुजत.

थोरल्या दिरांचा फोन आला: आईची खोली तयार आहे, कधी येते?

"आत्ता कशी येऊ? घरात बाळंतपण झालंय," ओयी म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

परिणामी तीन दिवसांत चार दुपटी, एक झबलं आणि आत्याकडून मिठाईचा डबा आला. आत्याने फोनवर सदोकतला विचारलं, "इतके महिने लपवलंस कसं गं?" खुलासा करेपर्यंत सदोकत घामाघूम झाली. हमदम-अका मात्र काहीच न विचारता बाळंतिणीची पिठाची पेज घेऊन आले. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला जिन्यातलं सगळं ऐकू येतं. दाराबाहेरूनच त्यांनी वाडगा आत सरकवला. "परदेशी असली तरी बाई आहे," ते म्हणाले. पेज बोतिरने प्याली.

आणि मग विसाव्या दिवशी कोकंदच्या लग्नाला निघायची वेळ आली. सदोकतच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं. विहीणबाई म्हणून ओयीचा मान पहिला. तिच्यासाठी गालिच्यावरची वरची जागा राखलेली, रेशमी झगा शिवून तयार.

"मी नाही येत," ओयी म्हणाली.

सदोकतने समजावलं की विंचू महिनाभरही एकटे राहतात, वाळवंटात कुठे सासू असते, वर्षभर उपाशी राहिल्याचे दाखले आहेत.

"बेगिम राहील," ओयी म्हणाली. "ही ओली आहे. चिल्ल्यात बाळंतिणीला एकटं ठेवत नाहीत. तुला ठेवलं होतं का मी?"

नव्हतं ठेवलं. लोबरच्या वेळी चाळीस दिवस ओयी तिच्या उशाशी बसून होती, गुडघे धरलेले, तोंडाने अखंड बडबड, आणि त्या बडबडीला कंटाळून सदोकत रोज रडायची. दुसऱ्याच कुणाच्या तरी बाळंतपणात हे असं आठवेल असं तिला वाटलं नव्हतं. रेशमी झगा तसाच खुंटीला राहिला. सदोकत, बोतिर आणि लोबर गाडीत बसले.

आता कोकंदला येऊन तिला पाच दिवस झालेत, लग्न काल पार पडलं, आणि सदोकतचं चित्त थाऱ्यावर नाही. विंचवांची तिला काळजी नाही. त्यांची बित्तंबातमी तिला दिवसातून तीनदा फोनवर मिळते: पांढरी होती ती सावळी पडतायत, सातजणं खाली उतरून चार पावलं फिरली आणि घाबरून परत पाठीवर चढली, एक जरा आगाऊ आहे, तो बहुतेक बोतिरवर गेलाय. हे सगळं ओयी कुजबुजत सांगते. पण "तुम्ही जेवलात का?" म्हटलं की म्हणते, "हळू बोल, निजलीत." रक्तदाबाची गोळी घेतली का म्हटलं की म्हणते, "झुरळ घेतलंय, लहानसं होतं." आज सकाळी तर फोनच उचलला नाही. दुपारी उचलला आणि म्हणाली, खुर्ची पेटीपाशी ओढली आहे, उठायला नको वाटतं.

शेजाऱ्यांना सांगून उपयोग नाही. हमदम-अकांना तिने तीनदा विनवलं. पण चिल्ल्याच्या दारावर हात घालणारे ते नव्हेत, तेवढी तसदी ते कुणाला देत नाहीत. मावलुदा-ओपांनी तर महल्ल्यात निरोपच फिरवलाय की त्या मजल्यावर चाळीस दिवस कुणी चढायचं नाही. गाडीची तिकिटं परवाची आहेत.

तेव्हा सदोकतचं एवढंच मागणं आहे. तुम्ही ताश्कंदला त्या बाजूने जाणार असाल तर जाताजाता दुसऱ्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जा. घंटी दाबू नका, बोटाने टकटक करा. आत या म्हणणार नाही ओयी, तुम्हीही आग्रह करू नका. दाराच्या फटीतून ती लगेच बिऱ्हाडाचं सांगायला लागेल, कोण उतरलं, कोण चढलं. ऐकून घ्या, पण त्यात गुंतून पडू नका. तिचा चेहरा बघा. सुजलेला दिसतो का, पाय सुजलेत का, आणि सकाळची गोळी खरंच घेतली का, एवढं तिच्या तोंडून वदवून घ्या, आणि मग कोकंदला कळवा.